चूक, टंचाई आणि दोष : दोन इंटरप्रिटरांच्या त्रुटि-व्यवस्थेची चिकित्सा

१

प्रोग्रामिंगच्या भाषांविषयी जे अभ्यासपूर्ण लेखन होते, त्यात व्याकरणाची मांडणी, पदच्छेदाच्या रीती, स्मृतीचे व्यवस्थापन आणि अंमलबजावणीचा वेग या विषयांना मानाचे स्थान असते. चूक झाली असता इंटरप्रिटरने काय करावे हा प्रश्न मात्र बहुधा शेवटच्या प्रकरणात, आणि तोही हात राखून, मांडला जातो. जणू इमारत पुरी झाल्यावर तीत अग्निशामक यंत्र कोठे टांगावे एवढाच हा विचार! वस्तुस्थिती याच्या अगदी उलट आहे. इंटरप्रिटरातील जवळजवळ प्रत्येक क्रिया फसू शकते. बेरीज करावयाची तर दोन्ही पदे बेरजेस योग्य असतीलच असे नाही. नाव शोधावयाचे तर ते सापडेलच असे नाही. नवी वस्तू घडवावयाची तर स्मृती शिल्लक असेलच असे नाही. म्हणून फसण्याची वाट ही इंटरप्रिटरात आडवाट नसून राजरस्त्याइतकीच वर्दळीची असते, आणि तिची आखणी पायाबरोबरच व्हावी लागते.

प्रस्तुत लेखात या दृष्टीने दोन सुप्रसिद्ध इंटरप्रिटरांचे परीक्षण करावयाचे योजिले आहे. पहिला सीपायथन, म्हणजे गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या पायथन भाषेचा सी भाषेत लिहिलेला मूळ इंटरप्रिटर. दुसरा लुआ, जो १९९३ साली रिओ द जानेरो येथील कॅथलिक विद्यापीठात रोबर्टो इएरुसालिम्स्की, वाल्देमार सेलेस व लुईझ हेन्रिके द फिगेरेदो यांच्या हातून जन्मास आला. दोन्ही सी भाषेत लिहिलेले, दोन्ही दीर्घकाळ वापरात राहिलेले, आणि तरीही चुकीच्या प्रश्नास परस्परविरुद्ध उत्तरे देणारे आहेत. तुलनेला याहून सोयीची जोडी मिळणे कठीण.

२

तुलनेपूर्वी कसोटी ठरविणे प्राप्त आहे. इंटरप्रिटर हा मुळात दुभाष्या आहे. वक्ता एक भाषा बोलतो, यंत्र दुसरी जाणते, आणि मध्ये हा उभा असतो. आता दुभाष्यावर तीन प्रकारचे प्रसंग ओढवू शकतात. वक्ताच चुकीचे बोलला, तर ती वक्त्याची चूक होय. दुभाष्याने ती नेमक्या स्थानासह वक्त्यास परत कळवावी आणि ती सुधारण्याची संधी त्यास द्यावी. दुसरा प्रसंग असा की, वक्ता शुद्ध बोलत आहे, परंतु इतके लांबलचक बोलत आहे की दुभाष्याची वहीच भरली. ही टंचाई होय. येथे दोष कोणाचाच नाही, परंतु काम पुढे जाऊ शकत नाही. तिसरा प्रसंग सर्वांत अवघड आहे. दुभाष्याला स्वतःलाच शब्द आठवेना, किंवा त्याने नकळत भलताच अर्थ लावला. हा दुभाष्याचा दोष होय. हा दोष वक्त्याच्या तोंडी घालणे म्हणजे अप्रामाणिकपणा, आणि तो गुपचूप गिळून पुढे बोलत राहणे म्हणजे विश्वासघात.

प्रोग्रामची चूक, साधनांची टंचाई आणि इंटरप्रिटरचा स्वतःचा दोष हे तीन वर्ग जो इंटरप्रिटर अखेरपर्यंत वेगळे ठेवतो, त्याची त्रुटि-व्यवस्था चांगली, असे मी मानतो. वेग, सोय, संदेशांची सफाई हे गुण मोलाचे खरेच. परंतु ते या विवेकानंतरचे आहेत.

या विषयावरील अलीकडच्या पाठ्यपुस्तकांत रॉबर्ट नायस्ट्रॉम यांचे २०२१ साली ग्रंथरूपाने आलेले ‘क्राफ्टिंग इंटरप्रिटर्स’ हे विद्यार्थ्यांत विशेष प्रिय आहे, आणि ती प्रियता सर्वथा योग्य आहे. त्यात लॉक्स नावाची एक लहान भाषा प्रथम जावामध्ये व नंतर सीमध्ये उभी केली आहे. पदच्छेदात एक चूक सापडल्यावर तिच्यापोटी निघणाऱ्या खोट्या चुकांची माळ कशी आवरावी, याचे तेथील विवेचन नमुनेदार आहे. परंतु लॉक्स भाषेत प्रोग्रामला स्वतःची चूक पकडून पुढे चालण्याची सोयच नाही. चूक झाली की संदेश छापावयाचा, स्टॅक रिकामा करावयाचा आणि थांबावयाचे. त्यामुळे अर्धवट झालेल्या कामाची निरवानिरव करून पुन्हा उभे राहण्याचा जो खरा बिकट प्रश्न, तो ग्रंथात उपस्थितच होत नाही. जावामधील आवृत्तीत तर बराचसा भार जावाच्या एक्सेप्शनांवर, म्हणजे अपवादांवर, टाकलेला आहे. लॉक्समधील फंक्शनने स्वतःलाच अखंड हाक मारीत राहावे, तर स्टॅक भरतो तो जावाचा, आणि वाचकापुढे येते ती जावाची ओळख नसलेली यादी. दुभाष्याने वक्त्याशी बोलताना आपल्याच घरातील भांडण ऐकवावे, तशातला हा प्रकार. सीमधील आवृत्ती ६४ हाकांची मर्यादा स्वतः मोजते आणि लॉक्सच्या शब्दांत उत्तर देते; म्हणून या एका बाबतीत ती अधिक सभ्य आहे. नवशिक्यासाठी लिहिलेल्या ग्रंथाने कोठेतरी सीमा आखावी हे रास्तच. पण तो ग्रंथ वाचून झालेल्या विद्यार्थ्याने आपल्याला हा विषय कळला असे समजू नये, एवढे सांगणे अवश्य आहे.

३

सीपायथनची रीत सांगावयास सोपी आहे. इंटरप्रिटरातील जे सी-फंक्शन एखादी वस्तू परत देते, ते फसल्यास ‘नल’, म्हणजे शून्य पत्ता, परत देते. जे पूर्णांक देते ते बहुधा उणे एक देते. चूक कोणती झाली, हे त्या त्या धाग्याच्या एका ठरलेल्या जागी नोंदविलेले असते. हाक मारणाऱ्याने दर वेळी उत्तर तपासावयाचे, नल आढळल्यास हातातील वस्तू सोडून द्यावयाच्या आणि स्वतःही नल परत द्यावयाचा. अशा रीतीने चूक पायरीपायरीने वर चढत जाते.

या रीतीचा पहिला गुण म्हणजे पारदर्शकता. सी-संहिता वाचणाऱ्यास फसण्याची प्रत्येक वाट डोळ्यांनी दिसते. तिचा पहिला दोषही तोच. कामाच्या एका ओळीमागे तपासणीच्या दोन-तीन ओळी येतात, आणि त्यांतील एक जरी विसरली तरी इंटरप्रिटर नादुरुस्त होतो. शिवाय उणे एक हे खरोखरीचे उत्तरही असू शकते. पायथनचा पूर्णांक सीच्या पूर्णांकात बदलणारे फंक्शन उणे एक देते, तेव्हा ते उत्तर की इशारा, हे ठरविण्यासाठी नोंदीची जागा पुन्हा पाहावी लागते. ही संदिग्धता टाळता येण्याजोगी होती, हे लिस्पचा इतिहास सांगतो. १९६२ च्या लिस्प १·५ मधील ‘एररसेट’ हे फंक्शन चूक झाल्यास ‘निल’ देई आणि यश आल्यास उत्तराची एकपदी यादी देई. त्यामुळे उत्तर स्वतः निल असले तरी त्याची आणि अपयशाची गल्लत होत नसे. साधी पण दूरदर्शी युक्ती!

सीपायथनचा अधिक गंभीर दोष म्हणजे चूक गिळण्याची जुनी सवय. शब्दकोशातून नोंद काढणारे त्याचे मूळ सी-फंक्शन, किल्लीची तुलना करताना उद्भवलेली चूक २०२४ च्या ३·१३ आवृत्तीपूर्वी मुकाट्याने टाकून देई आणि ‘नोंद नाही’ असे उत्तर देई. वस्तुतः ‘नोंद नाही’ आणि ‘शोधताच आले नाही’ या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. कपाटात कागद नाही असे कारकुनाने सांगणे वेगळे, आणि कपाटाची किल्ली मोडल्यामुळे कागद नाही असे सांगणे वेगळे. हे फंक्शन जुन्या संहितांसाठी राखले गेले. त्याच्या शेजारी चूक न गिळणारे दुसरे आले, आणि नोंद सापडली, सापडली नाही, शोध फसला ही तीन उत्तरे स्वच्छ वेगळी देणारे तिसरे फंक्शन २०२४ च्या ३·१३ आवृत्तीत दाखल झाले. भाषेच्या पातळीवरही हाच रोग होता. वस्तूजवळ अमुक गुणधर्म आहे काय, असे विचारणारे ‘हॅजअ‍ॅट्र’ हे फंक्शन पूर्वी वाटेतील असंबद्ध चुकाही पोटात घालून ‘नाही’ म्हणे. २०११ च्या ३·२ आवृत्तीत त्याला केवळ गुणधर्माच्या अभावापुरते मर्यादित करण्यात आले. चूक गिळण्याचा निर्णय एका दिवसात घेता येतो, परंतु तो फिरविण्यास अनेक वर्षे लागतात, हा यातील धडा आहे.

आता आपली कसोटी लावू. नल परत आला परंतु चूक नोंदलेली नाही, किंवा उत्तर आले आणि चूकही नोंदलेली आहे, असा विसंगत प्रसंग आला, तर तो इंटरप्रिटराचा किंवा त्याला जोडलेल्या सी-संहितेचा दोष असतो, पायथन लिहिणाऱ्याचा नव्हे. सीपायथन हे ओळखतो आणि ‘सिस्टम एरर’ या नावाचा अपवाद उभा करतो. येथपर्यंत त्याचे वर्तन प्रशंसनीय आहे. परंतु हा अपवाद ठेवला कोठे? सर्वसामान्य चुकांच्या ‘एक्सेप्शन’ या कुळातच! परिणामी ‘काहीही चुकले तर पुढे जा’ अशा अर्थाची जी सैल वाक्ये व्यवहारात सर्रास लिहिली जातात, ती इंटरप्रिटराच्या दोषाची कबुलीही गिळून टाकतात. स्मृती संपल्याची सूचना आणि हाकांची मर्यादा ओलांडल्याची सूचना यांचीही गत तीच. म्हणजे चूक, टंचाई आणि दोष हे तिन्ही एकाच जाळ्यात सापडतात.

असा भेद करणे रचनाकारांना अवगत नव्हते असे म्हणता येत नाही. वापरणाऱ्याने कळफलकावरून दिलेली थांबण्याची आज्ञा अशाच सैल वाक्यांत अडकून पडे, म्हणून २००६ च्या २·५ आवृत्तीत तिला त्या कुळातून बाहेर काढून मूळ पुरुषाखाली वेगळे स्थान देण्यात आले. मग जो न्याय वापरणाऱ्याच्या आज्ञेला, तोच इंटरप्रिटराच्या कबुलीजबाबाला का नसावा? जुन्या प्रोग्रामांशी सुसंगती, हे याचे व्यावहारिक उत्तर असेल; तात्त्विक उत्तर मला दिसत नाही.

पायथनने अपवादाची आणखी एक योजना केली, ती म्हणजे क्रम संपल्याची खूण. पुढचे पद मागितले आणि पदे संपलेली असली, तर ‘स्टॉप इटरेशन’ हा अपवाद उठतो. हे चुकीचे चिन्ह नव्हे, नेहमीच्या समाप्तीचे आहे. इंटरप्रिटराच्या पोटात तर या एका ठिकाणी चूक न नोंदवता नल देण्याचीही मुभा आहे. म्हणजे स्वतःच्या मूळ नियमालाच येथे अपवाद केलेला आहे. या मिश्रणाचे फळ असे की, जनरेटराच्या आत अनवधानाने हा अपवाद निसटला, तर जनरेटर चुकला असे न वाटता तो रीतसर संपला असेच वाटे, आणि आकडे गुपचूप कमी भरत. २०१८ च्या ३·७ आवृत्तीपासून असा निसटलेला अपवाद खऱ्या चुकीत रूपांतरित केला जातो. लिस्पचा इतिहास येथेही साक्ष देतो. एररसेटचा वापर लोक खोल हाकांतून झटकन बाहेर पडण्यासाठी करू लागले, त्यात खऱ्या चुकाही झाकल्या जाऊ लागल्या, आणि म्हणून १९७२ साली मॅकलिस्पमध्ये बाहेर पडण्यासाठी ‘कॅच’ व ‘थ्रो’ ही स्वतंत्र साधने आली. एकाच दाराने पाहुणे आणि चोर यांना येऊ दिले, तर पहारेकऱ्याचा उपयोग उरत नाही.

४

लुआची रीत याच्या उलट आहे. चूक झाली की मधल्या पायऱ्यांना न विचारता इंटरप्रिटर थेट शेवटच्या सुरक्षित जागी उडी घेतो. सी भाषेतील ‘सेटजंप’ आणि ‘लाँगजंप’ ही जोडी त्यासाठी वापरली आहे. लुआचीच संहिता सी प्लस प्लस म्हणून संकलित केली, तर तिच्या जागी त्या भाषेचे अपवाद येतात. भाषेत ‘पीकॉल’ या फंक्शनने सुरक्षित जागा आखावयाची. आत चूक झाल्यास ते ‘असत्य’ आणि चुकीचे मूल्य परत देते. मधल्या सी-फंक्शनांत तपासणीची ओळ नाही; संहिता त्यामुळे आटोपशीर व वाचावयास सुखद झाली आहे.

हे लुआला साधते आणि सीपायथनला साधत नाही, याचे कारण अभिरुचीत नसून स्मृतिव्यवस्थेत आहे. लुआतील वस्तू लुआच्या स्वतःच्या स्टॅकवर असतात आणि निरुपयोगी वस्तू वेचणारा संग्राहक त्यांची विल्हेवाट लावतो. उडी मारून पुढे गेल्यावर मागे राहिलेल्या वस्तू यथावकाश गोळा होतात. सीपायथनमध्ये मात्र प्रत्येक वस्तूवर तिच्या धारकांची संख्या मोजलेली असते. मधल्या फंक्शनांना ओलांडून उडी मारली, तर त्यांनी धरलेल्या वस्तूंची संख्या कधीच उतरणार नाही आणि त्या वस्तू कायमच्या अडकून पडतील. म्हणून त्याला पायरी पायरी उतरणे भागच आहे. त्रुटि-व्यवस्था ही स्वतंत्रपणे निवडण्याची वस्तू नसून स्मृतिव्यवस्थेची सावली आहे, हा या तुलनेतून निघणारा महत्त्वाचा निष्कर्ष मला वाटतो. ‘नल बरा की उडी बरी?’ हा वाद या संदर्भाविना घालणे व्यर्थ होय.

लुआच्या उडीची किंमत बाहेरच्या सी-संहितेला मोजावी लागते. एखाद्या सी-फंक्शनने स्वतंत्रपणे स्मृती मागून घेतली आणि त्यानंतर लुआला हाक मारली, तर ती हाक परत येईलच याची शाश्वती नाही. तिकडून उडी झाली की ती स्मृती गळाली. लुआच्या कर्त्यांनी यावर दोन उपाय केले आहेत. एक, अशी स्मृती लुआच्याच ताब्यातील वस्तूत ठेवण्याची सोय. दुसरा मला विशेष स्तुत्य वाटतो. भाषेच्या संदर्भपुस्तिकेत प्रत्येक सी-फंक्शनापुढे एक खूण दिलेली असून, ते कधीच चूक उठवीत नाही, केवळ स्मृतीच्या टंचाईनेच उठवील, की कोणतीही उठवू शकेल, हे त्या एका अक्षरावरून कळते. जी वाट संहितेत दिसत नाही, ती पुस्तिकेत दाखविण्याचा हा प्रामाणिक प्रयत्न आहे.

टंचाईच्या बाबतीतही लुआची तयारी उल्लेखनीय आहे. स्मृती संपल्याचा संदेश घडविण्यास स्मृतीच लागते, हा पेच ओळखून तो संदेश आरंभीच तयार करून ठेवलेला असतो. (सीपायथननेही यासाठी काही अपवाद-वस्तू आधीच राखून ठेवल्या आहेत.) स्टॅक दहा लाख घरांच्या मर्यादेपर्यंत वाढू दिला जातो, ती गाठली की चूक उठते, परंतु ती हाताळण्यापुरती आणखी दोनशे घरे राखीव असतात. तीही संपली, तर ‘चूक हाताळताना चूक’ असा निराळा निर्णय होतो. आजाऱ्यासाठी धावणारा वैद्य स्वतःच आजारी पडला तर काय, याचा विचार आधी करून ठेवणे हे प्रौढ रचनेचे लक्षण आहे.

परंतु आमच्या कसोटीवर लुआही पूर्णपणे उतरत नाही. आत, सी-पातळीवर, साधी चूक, स्मृतीची टंचाई आणि हाताळणीतील चूक यांना वेगवेगळे संकेतांक आहेत. भाषेतील पीकॉल मात्र हे संकेतांक लेखकाच्या हाती देत नाही. त्याला मिळते ते केवळ ‘असत्य’ आणि एक मूल्य, आणि ते मूल्य बहुधा मजकुराची एक ओळ. इंटरप्रिटराला जे ठाऊक आहे, ते उंबरठ्यावर सांडून जाते. मग प्रोग्राम लिहिणारा संदेशातील शब्द जुळवून पाहू लागतो, आणि संदेशाची भाषा बदलली की त्याचा निवाडाही बदलतो. चुकीचे मूल्य म्हणून हवी ती वस्तू देण्याची मुभा आहे, हे खरे. परंतु इंटरप्रिटर स्वतः जेव्हा बोलतो, तेव्हा तो ओळच बोलतो. दोषांच्या बाबतीत लुआची भूमिका तत्त्वतः शुद्ध आहे. स्वतःच्या दोषांचे रूपांतर ती प्रोग्रामच्या चुकांत करीत नाही, अंतर्गत प्रतिज्ञांनी ते तपासते. मात्र या प्रतिज्ञा नेहमीच्या संकलनात बंद असतात. विवेक आहे, पण तो कार्यालयीन वेळेत रजेवर आहे, असे म्हणावे लागते.

५

दोन विरुद्ध टोकांहून निघालेले हे इंटरप्रिटर कालांतराने एकमेकांकडे सरकले आहेत, हेही नोंदविण्याजोगे आहे. लुआ ५·१ मध्ये पीकॉलच्या आतून कोरूटीनला थांबता येत नसे, कारण सुरक्षित जागेची खूण सीच्या स्टॅकवर अडकलेली असे. २०११ च्या ५·२ आवृत्तीत कोरूटीनमधील पीकॉलची खूण इंटरप्रिटराच्या स्वतःच्या हाक-नोंदीत आली आणि ही अडचण दूर झाली. सीपायथनने २०२२ च्या ३·११ आवृत्तीत सुरक्षित टापूंची नोंद अंमलबजावणीच्या वेळी न करता संकलनाच्या वेळीच एका तक्त्यात करून ठेवण्यास आरंभ केला. त्यामुळे चूक न झाल्यास ‘ट्राय’चा खर्च जवळजवळ उरला नाही. २०२३ च्या ३·१२ मध्ये प्रकार, मूल्य आणि मागोवा अशी तीन तुकड्यांत विखुरलेली नोंद एका वस्तूत एकवटली. ‘चूक झाली तर कोठे जावे’ हे ज्ञान यजमान भाषेच्या स्टॅकवरून काढून इंटरप्रिटराने स्वतःच्या वहीत लिहून घेणे, ही दोहोंची समान दिशा आहे, आणि ती योग्य आहे. जे स्वतःच्या वहीत असते, त्याचीच जबाबदारी घेता येते.

तथापि ही सारी प्रगती वहनाची आहे, वर्गीकरणाची नव्हे. चूक वाहून नेण्याचे रस्ते उत्तम झाले. तिच्यावर पत्ता नीट लिहिलेला आहे की नाही, हा प्रश्न मागेच राहिला. नवा इंटरप्रिटर रचू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने पहिल्या ओळीपूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात असे मी सुचवीन. माझ्या स्मृतिव्यवस्थेला कोणती वाहनरीत परवडते? चूक हाताळतानाच चूक किंवा टंचाई उद्भवली तर मी कोठे थांबतो? आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या सर्वसमावेशक जाळ्यात माझा स्वतःचा दोष सापडू शकतो काय? पहिल्या दोहोंची उत्तरे सीपायथन व लुआ या दोघांकडूनही शिकण्यासारखी आहेत. तिसऱ्याचे उत्तर ‘होय’ असे येत असेल, तर रचना पुन्हा तपासावी.

कारण अखेरीस हा प्रश्न विश्वासाचा आहे. प्रोग्राम लिहिणारा मनुष्य रात्री उशिरापर्यंत आपल्या ओळी तपासत बसतो, तो इंटरप्रिटराने सांगितलेली चूक आपली आहे असे मानूनच. ती आपली नसून दुभाष्याची होती हे त्याला कधीच कळू नये, अशी व्यवस्था कितीही वेगवान असली तरी ती सदोषच म्हटली पाहिजे.